रेषेखालचा काप

वैद्यकीय पाठ्यपुस्तकांसाठी आकृत्या काढणाऱ्या माणसाला मेंदूचा एक नकाशा आयुष्यभर पुरतो. कोर्बिनिअन ब्रोडमान या जर्मन डॉक्टरने १९०९ साली लाइपझिगमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातला तो नकाशा. पुस्तक शरीरशास्त्राचे असो, मानसोपचाराचे असो की वाचादोषांवरचे असो, संपादकाची मागणी फिरून फिरून त्याच्यापाशीच येते: मेंदूची बाहेरची बाजू, आतली बाजू, त्यांवर आखलेल्या हद्दी आणि हद्दींच्या आत आकडे. मी हे काम बरीच वर्षे करते आहे आणि या आकृतीच्या किती प्रती माझ्या हातून गेल्या याचा हिशेब ठेवलेला नाही. मूळ आकृतीत रंग नाहीत. प्रत्येक क्षेत्राला वेगळा पोत दिला आहे. कुठे ठिपके, कुठे रेघा, कुठे पोकळ वर्तुळे, कुठे त्रिकोण. आज आम्ही त्यावर रंग चढवतो, कडेला बारीक काळी रेघ ओढतो आणि आकडे ठळक करतो. प्रत्येक आवृत्तीगणिक ती रेघ अधिकाधिक ठाम होत जाते. मूळ लेखकाने मात्र ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवले होते की सगळीच क्षेत्रे एकमेकांपासून काटेकोरपणे वेगळी होत नाहीत, काही हळूहळू एकमेकांत मिसळत जातात. आकृती गाजली आणि तिच्याबरोबरचा मजकूर ग्रंथालयात राहिला.

त्या आकड्यांबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. मध्यवर्ती खाचेच्या मागे ३, १, २ असा उलटसुलट क्रम का लागतो? माणसाच्या नकाशात १२ ते १६ आणि ४८ ते ५१ हे आकडे कुठे गेले? उत्तर अगदी साधे आहे. ब्रोडमान मेंदूचे काप एकामागून एक पाहत गेला आणि जे क्षेत्र ज्या क्रमाने समोर आले त्या क्रमाने त्याला आकडा मिळत गेला. शिवाय तो माणसाबरोबर माकडे, लेमूर आणि इतर सस्तन प्राण्यांच्या मेंदूंचीही तुलना करत होता, त्यामुळे काही आकडे फक्त त्यांच्याच वाट्याला आले. बर्लिनमध्ये ऑस्कर आणि सेसिल फोग्ट या दांपत्याच्या प्रयोगशाळेत त्याने हे काम केले. पेशी तेवढ्या रंगतील अशा निस्सल पद्धतीने काप रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि मेंदूच्या वरच्या करड्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, पेशींच्या सहा स्तरांची जाडी आणि दाटी कुठे बदलते ते डोळ्यांनी हेरायचे. जिथे बदल दिसला तिथे हद्द. किती मेंदू पाहून ही एक आकृती तयार झाली, ते आकृतीवर कुठेही लिहिलेले नाही आणि एका मेंदूपासून दुसऱ्या मेंदूपर्यंत हद्द किती सरकते याचीही त्यात खूण नाही.

काही हद्दी मात्र अशा असतात की त्यांच्यासाठी तज्ज्ञाच्या डोळ्यांची गरजच पडत नाही. फ्रान्चेस्को जेन्नारी नावाचा पार्मा शहरातला वैद्यकीय विद्यार्थी १७७६ साली गोठवलेल्या मेंदूचे काप काढत असताना त्याला मागच्या भागातल्या करड्या थरातून जाणारी एक पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसली. १७८२ साली त्याने ती छापून प्रसिद्ध केली. ती दृष्टीच्या प्राथमिक केंद्राची खूण होती. ब्रोडमानच्या नकाशात तेच क्षेत्र १७ होय. ही रेघ जिथे संपते तिथे क्षेत्र १७ संपते आणि त्याबाबत वादाला फारशी जागा नाही. आता याच नकाशात क्षेत्र १७ ची कड आणि कपाळामागच्या एखाद्या क्षेत्राची कड सारख्याच जाडीच्या रेघेने काढलेली असते. एक कड शेताच्या बांधासारखी जागेवर जाऊन पाय ठेवता येईल अशी आहे, तर दुसरी मोजणीदाराने दोन शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकून कागदावर ओढलेली आहे, आणि छापील आकृतीत हा फरक कळत नाही. मेंदूच्या नकाशांविषयी मला जे म्हणायचे आहे ते एवढ्यावरच उभे आहे. रेघ किती सुबक आहे याने नकाशाची किंमत ठरत नाही. रेघेवर शंका घेणाऱ्याला तिच्याखालचा काप उघडून पाहता येतो की नाही, याने ती ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९८८ सालचे आहे. जाँ तालेराश आणि पिएर तूर्नू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांसाठी एक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. मेंदूतला कोणताही बिंदू तीन आकड्यांनी सांगता यावा अशी सोय त्यात होती, आणि ती खरोखरच उपयोगी होती. पुढे मेंदूची छायाचित्रे घेणारी यंत्रे जगभर पसरली तेव्हा याच तीन आकड्यांत निष्कर्ष कळवण्याची प्रथा पडली, आणि त्या आकड्यांवरून ‘अमुक ब्रोडमान क्षेत्र उद्दीपित झाले’ असे लिहिण्याचीही. हा सगळा संग्रह साठ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूवर बेतलेला होता. तिच्या मेंदूचे काप ब्रोडमानच्या रीतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेले नव्हते. ब्रोडमानच्या छापील आकृतीकडे पाहून, घड्या आणि खाचा जुळवून, त्याची क्षेत्रे अंदाजाने तिच्या मेंदूवर उतरवलेली होती. लेखकांनी यात काही लपवले असे नाही. मात्र अंदाज एकदा आकड्यात बसला की त्याचा अंदाजपणा झडून जातो, आणि पुढची अनेक वर्षे हजारो शोधनिबंधांत तो मोजमाप म्हणून वावरला. पुढे माँट्रिअलच्या संशोधकांनी आधी ३०५ आणि मग १५२ तरुण व्यक्तींच्या एमआरआय प्रतिमांची सरासरी काढून नवा साचा दिला. एका स्त्रीवर अवलंबून राहणे त्यामुळे संपले. सरासरीत बारीक घड्या पुसट झाल्या ही त्याची किंमत होती.

चित्रकाराच्या बाजूने पाहिले तर पेनफिल्डच्या बाहुल्याची गोष्ट याहून अधिक टोचणारी आहे. वाइल्डर पेनफिल्ड हे माँट्रिअलचे मेंदू-शल्यविशारद अपस्माराच्या रुग्णांवर त्यांना जागे ठेवून शस्त्रक्रिया करत. उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करायचा, रुग्णाचे बोट हलले की ओठ, किंवा त्याला कुठे मुंग्या आल्या ते नोंदवायचे, आणि त्या जागी आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी ठेवायची. या नोंदींवरून हॉर्टेन्स कॅन्टली या चित्रकर्तीने त्यांच्यासाठी मेंदूच्या पट्टीवर पसरलेला माणूस काढला. मोठा अंगठा, मोठे ओठ, जीभ, लहानसे धड. १९३७ च्या लेखात त्याचे एक रूप होते, आणि १९५० च्या पुस्तकात आले ते आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. हे चित्र तंतोतंत धरू नये असे पेनफिल्ड यांनी त्याच पुस्तकात सांगितले होते. चित्र इतके चांगले साधले होते की हा इशारा कोणी वाचला नाही. २०२३ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने दाखवले की ती पट्टी पायापासून जिभेपर्यंत सलग नाही. पाय, हात आणि चेहरा यांच्या क्षेत्रांमध्ये वेगळ्याच जागा आहेत आणि त्यांचा संबंध एखाद्या अवयवापेक्षा सबंध शरीराच्या हालचालीच्या आखणीशी आहे. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे विद्यार्थी जे पाठ करत होते त्याला मध्ये मध्ये खंड होते. मूळ चिठ्ठ्यांच्या नोंदी चित्राइतक्याच सहजपणे सगळ्यांच्या हाती असत्या तर हे आधी लक्षात आले असते का, हे सांगता येणार नाही. पण आमच्या धंद्यात ज्याला ‘चांगली आकृती’ म्हणतात, तिच्यातला धोका यात नेमका दिसतो.

काप उघडून दाखवणारे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले ते जर्मनीतल्या युलिश इथे. काट्रिन आमुन्ट्स, कार्ल झिलेस आणि त्यांचे सहकारी, आणि माँट्रिअलमधले अ‍ॅलन इव्हान्स यांचा गट, यांनी २०१३ च्या जूनमध्ये बिगब्रेन प्रसिद्ध केला. ६५ वर्षांच्या एका पुरुषाचा मरणोत्तर मेंदू मेणात बसवून त्याचे मायक्रोटोम या काप काढण्याच्या मोठ्या यंत्रावर २० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसापेक्षाही पातळ, ७४०४ काप काढले, प्रत्येक रंगवला आणि स्कॅन केला. माहितीचा एकूण पसारा सुमारे एक टेराबाईटचा होता. असले वर्णन वाचताना आपण आकड्यांना दबतो आणि त्यामागची हमाली विसरतो. मेणातून सुटलेला इतका पातळ आणि इतका मोठा काप पाण्यावर तरंगतो, चुरगळतो, कडेला फाटतो, काचेवर घेताना एका बाजूला ओढला जातो. रंगही सगळ्यांवर सारखा चढत नाही. अशा हजारो कापांना पुन्हा एकमेकांवर रचून मूळ आकार उभा करायचा, तर प्रत्येक सुरकुती आणि प्रत्येक फाटलेला तुकडा ओळखून संगणकावर जागेवर बसवावा लागतो. नकाशा प्रसिद्ध झाल्यावर कोणालाही तो नोंदणी करून पाहता आला. त्यात ज्या जागी दुरुस्ती झाली आहे तिथे ती काळजीपूर्वक पाहणाऱ्याला ओळखू येते, आणि मला तर ते त्याचे वैभवच वाटते.

पण बिगब्रेनही एकाच माणसाचा. त्याच गटाने अनेक वर्षे समांतर चालवलेले दुसरे काम २०२० साली युलिश-ब्रेन या नावाने बाहेर आले, आणि माझ्या मते मेंदूच्या नकाशांच्या इतिहासात ब्रोडमाननंतरचा खरा टप्पा तो आहे. त्यात २३ मेंदू वापरले गेले आणि प्रत्येक क्षेत्र दहा मेंदूंत स्वतंत्रपणे शोधले गेले. हद्द ठरवताना केवळ निरीक्षकाच्या नजरेवर भिस्त ठेवलेली नाही. कॉर्टेक्सच्या जाडीभर पेशींची दाटी कशी बदलते ते संगणक मोजतो आणि शेजारच्या दोन पट्ट्यांतला फरक सांख्यिकीच्या कसोटीवर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरच तिथे हद्द मानतो. मग दहाही मेंदू एका साच्यात बसवतात आणि प्रत्येक बिंदूला एक शक्यता मिळते: या जागी दहापैकी किती जणांत हे क्षेत्र सापडले. त्यामुळे पडद्यावर जे दिसते त्याला कड नसते. मध्यभागी गडद आणि बाहेर विरळ होत जाणारा डाग असतो. ब्रोका यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाचाक्षेत्रात, म्हणजे ४४ आणि ४५ या क्षेत्रांत, या पद्धतीने आधीच दिसून आले होते की हद्दी वरून दिसणाऱ्या खाचांशी जुळतातच असे नाही आणि माणसागणिक त्यांचा विस्तारही बराच बदलतो. म्हणजे खाचा पाहून क्षेत्र ओळखण्याची जी रीत शस्त्रक्रियेच्या खोलीपासून परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत चालते, तिच्यातच अंदाज मिसळलेला आहे.

याच संग्रहातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. कॉर्टेक्सच्या ज्या भागांचे काम अजून झालेले नाही ते भाग त्यांनी शेजारच्या क्षेत्रांत वाटून टाकलेले नाहीत. ते रिकामे म्हणून, ‘गॅप मॅप’ अशा नावाने, नकाशात ठेवलेले आहेत. कोरी जागा छापायला धाडस लागते. माझ्या टेबलावर आलेल्या कित्येक आकृत्यांत कोरा भाग दिसला की पहिली सूचना ‘इथे काहीतरी रंग भरा’ अशीच असते.

२०१६ साली सेंट लुईसच्याच गटाने जिवंत माणसांच्या एमआरआयवरून दुसऱ्या वाटेने नकाशा केला. २१० निरोगी तरुण व्यक्ती, आणि प्रत्येकीची कॉर्टेक्सची जाडी, तंतूंवरील मायलिन या वेष्टनाचे प्रमाण, कामे करतानाचे उद्दीपन आणि जोडण्या अशी चार प्रकारची माहिती एकत्र ठेवून मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात १८० क्षेत्रे ठरवली. त्यांतली ९७ नवी होती. वर्तमानपत्रांनी ‘मेंदूचा नवा नकाशा’ म्हणून रंगीत चित्र छापले आणि विषय संपवला. निबंधाच्या आत मात्र ५५बी या क्षेत्राची हकीकत होती: काही व्यक्तींत ते आपल्या नेहमीच्या जागेवरून सरकलेले होते आणि काहींत दुभंगलेले. म्हणजे सरासरीचा नकाशा त्या व्यक्तींना लावला असता तर बरोबर त्याच जागी चुकला असता. मला १८० या आकड्यापेक्षा हे एक पान अधिक मोलाचे वाटते.

आता रंगांविषयी, कारण माझा रोजचा व्यवहार त्यांच्याशी आहे आणि सामान्य वाचकाची सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. मेंदूच्या तीन चित्रांत लाल रंग दिसला तर त्याचे तीन अर्थ असू शकतात. धाग्यांच्या जोडण्या दाखवणाऱ्या डिफ्यूजन एमआरआयच्या चित्रात लाल म्हणजे डावीउजवीकडे जाणारे तंतू, हिरवा म्हणजे पुढेमागे जाणारे आणि निळा म्हणजे वरखाली जाणारे, असा संकेत आहे. कामाच्या वेळचे उद्दीपन दाखवणाऱ्या एफएमआरआयमध्ये लाल-पिवळा डाग म्हणजे एका सांख्यिकीय कसोटीचा आकडा. ठरवलेल्या मर्यादेखालचे सगळे त्यात पुसून टाकलेले असते, म्हणून उरलेला मेंदू करडा आणि निष्क्रिय वाटतो, प्रत्यक्षात तो तसा नसतो. ती मर्यादा सैल ठेवली तर काय होते ते क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले. त्यांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली, आणि हजारो तुलनांसाठी आवश्यक ती दुरुस्ती न करता हिशेब केला तेव्हा माशाच्या मेंदूतही लाल ठिपके उमटले. त्यांना पुढे २०१२ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले, आणि ते रास्तच होते. शिवाय डावेउजवे. रुग्णालयातल्या प्रतिमेत रुग्णाची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजवीकडे असते, कारण डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून पाहत आहेत असे मानलेले असते. संशोधनातली बरीच चित्रे याच्या उलट असतात. चित्राच्या कोपऱ्यात ‘डा’ किंवा ‘उ’ हे एक अक्षर नसेल तर ते चित्र निव्वळ शोभेचे.

तिसऱ्या प्रकारचा रंग पाहायचा असेल तर एच०१ उघडावा. अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ४५ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूतला हा तुकडा आहे. खोलवरच्या दोषाच्या जागेपर्यंत पोचण्यासाठी शल्यविशारदांना कानशिलामागच्या भागातला थोडा कॉर्टेक्स काढावा लागला होता, आणि एरवी तो टाकूनच दिला गेला असता. हार्वर्डमधील जेफ लिक्टमन यांच्या प्रयोगशाळेने त्यातला सुमारे एक घन मिलिमीटर भाग जड धातूंनी रंगवून, राळेत बसवून, पाच हजारांहून अधिक कापांत कापला. प्रत्येक काप तीसेक नॅनोमीटर जाडीचा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रे घेतल्यावर गूगलच्या संगणकांनी त्यांतली प्रत्येक पेशी कापामागून काप शोधून वेगळी केली. हा निबंध २०२४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला, पण माहिती २०२१ पासूनच सर्वांसाठी खुली होती. आकडे असे: १.४ पेटाबाईट (एक पेटाबाईट म्हणजे हजार टेराबाईट) माहिती, सुमारे ५७,००० पेशी, सुमारे १५ कोटी सायनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले सांधे. सबंध मेंदू याच्या दहा-बारा लाख पटींहून मोठा असतो, त्यामुळे याच बारकाईने पूर्ण मेंदू नोंदवायचा तर माहितीचे मोजमाप झेटाबाईटमध्ये, म्हणजे पेटाबाईटच्या दहा लाख पटींत, करावे लागेल.

ब्राउझरमध्ये ते उघडले की पडद्याचे चार भाग होतात. तिघांत एकाच जागेचे तीन दिशांनी घेतलेले करडे छेद आणि चौथ्यात त्रिमितीतली पेशी. आपण जेवढे पाहतो तेवढाच तुकडा दूरच्या संगणकावरून येतो, म्हणून साध्या लॅपटॉपवरही ते चालते. करड्या छेदात आत आत गेले की आधी नुसता पांढराकाळा गोंधळ वाटतो, मग पेशींभोवतीचे पातळ पडदे ओळखू येऊ लागतात, मग त्यांच्या आतले लांबट मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक), मग दोन पडदे जिथे चिकटतात तिथली गडद पट्टी आणि तिच्या एका बाजूला बारीक गोल पिशव्यांची गर्दी. हा एक सायनॅप्स. एका पेशीवर दोनदा क्लिक केले की चौथ्या भागात तिचा सगळा विस्तार उभा राहतो. इथले रंग मात्र काहीच सांगत नाहीत. शेजारची पेशी वेगळी दिसावी म्हणून यंत्राने ते स्वैरपणे वाटलेले असतात आणि एक कळ दाबली की सगळे बदलतात. याच रंगीत प्रतिमा मासिकांच्या मुखपृष्ठांवर गेल्या. मुखपृष्ठाला माझा विरोध नाही, मी स्वतः अशी मुखपृष्ठे केली आहेत. पण करडा छेद हा पुरावा आहे आणि रंग ही यंत्राची समजूत आहे, ही गोष्ट मुखपृष्ठावरून कळत नाही.

ती समजूत चुकतेही. कुठे दोन चेतापेशी यंत्राने एकच धरलेल्या असतात, कुठे एकाच तंतूचे दोन तुकडे पडलेले असतात, आणि ते दुरुस्त करायला माणसालाच कापांतून त्या तंतूचा माग काढत जावे लागते. एच०१ च्या कर्त्यांनी हे सांगून टाकले, दुरुस्तीची साधनेही माहितीबरोबर दिली आणि हाताने तपासलेला भाग थोडाच आहे हे झाकले नाही. त्यांना काही तंतू स्वतःभोवतीच गुंडाळलेले आढळले. ते निरोगी मेंदूत असतात की त्या स्त्रीच्या आजाराचा तो भाग आहे, हा प्रश्न त्यांनी उघडा ठेवला. अशा उघड्या कामातून काय निघते ते फळमाशीच्या बाबतीत दिसले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्या संपूर्ण मेंदूचा, १,३९,२५५ चेतापेशींचा आराखडा प्रसिद्ध झाला. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी आणि हौशी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे यंत्राच्या चुका दुरुस्त केल्यामुळे तो पुरा झाला.

ज्यांचे मेंदू आहेत त्यांचे काय, हा प्रश्न प्रसिद्धीबरोबर येतोच. एच०१ मधली स्त्री निनावी आहे आणि तशीच राहायला हवी. याच्या उलट टोकाला हेन्री मोलेसन. १९५३ साली शस्त्रक्रियेत हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या बाजूच्या अवयवाचा भाग काढल्यावर त्यांची नवी स्मृती साठवण्याची शक्ती गेली आणि पुढची पन्नास वर्षे ते शास्त्रीय लेखांत फक्त एच. एम. या आद्याक्षरांनी वावरले. २००८ साली ते वारले तेव्हा नाव जाहीर झाले. २००९ च्या डिसेंबरमध्ये सॅन दिएगो इथे जाकोपो अनेझे यांनी त्यांचा गोठवलेला मेंदू ५३ तासांत २४०१ कापांत कापला, आणि ते इंटरनेटवर थेट दाखवले. लाखो लोकांनी पाहिले. आधी मला हे प्रदर्शन रुचले नव्हते. पण २०१४ साली त्या कापांवरचा निबंध आला तेव्हा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग शिल्लक होता आणि डाव्या पुढच्या भागात कोणालाही माहीत नसलेली एक इजा होती, हे दोन्ही समोर आले. ज्या माणसावर स्मृतीचे अर्धे शास्त्र उभे राहिले त्याच्याविषयीचे मूळ वर्णन दुरुस्त करावे लागले, आणि ते कापांमुळे झाले. कापणे लोकांसमोर करायची गरज होती का, याबद्दल माझे मन अजूनही साशंक आहे. काप सर्वांना खुले असावेत याबद्दल नाही.

आणखी एक गोष्ट भारतीय वाचकाने विचारायलाच हवी. हे सगळे साचे बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या मेंदूंचे आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ साली शंभर तरुण भारतीयांच्या एमआरआयवरून एक साचा तयार केला. त्यात आपला सरासरी मेंदू पाश्चात्त्य साच्यापेक्षा उंची, रुंदी आणि आकारमानाने थोडा लहान निघाला. लगेच मथळे आले, आणि ते नेहमीप्रमाणे चुकीच्या दिशेने गेले. आकाराचा बुद्धीशी संबंध जोडणाऱ्यांनी समाजमाध्यमांवर गोंधळ घातला. मुद्दा एवढाच होता की वार्धक्यात मेंदू आकसला आहे की नाही हे परक्या मापाशी ताडून ठरवले तर निरोगी माणूसही आजारी ठरू शकतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने धरणी नावाचा संग्रह खुला केला. गर्भावस्थेच्या दुसऱ्या तिमाहीतल्या मेंदूंचे ५१३२ काप, पेशीपेशी दिसेल इतक्या बारकाईने, कोणालाही विनामूल्य पाहता येतील असे. या वयाच्या मेंदूचे इतके तपशीलवार काम जगात कुठेही फारसे झालेले नव्हते. आपल्याकडच्या बातम्यांनी त्यातला ‘जगात पहिला’ हा भाग उचलला. मला त्यातली ‘खुला’ ही गोष्ट मोठी वाटते.

खुलेपणाची मात्र एक व्यावहारिक अडचण आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ब्रोडमानचा ग्रंथ शंभरहून अधिक वर्षांनी आजही उघडता येतो. त्याला फक्त कपाट लागते. एक पेटाबाईट माहिती जागती ठेवायला वीज लागते, यंत्रे बदलावी लागतात आणि दरवर्षी कोणीतरी पैसे भरावे लागतात. युरोपीय संघाचा ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट २०१३ ते २०२३ असा दहा वर्षे चालला आणि संपला. युलिशचे नकाशे आता त्यातूनच उभ्या राहिलेल्या ईब्रेन्स या व्यवस्थेत आहेत. अशा व्यवस्थांचे आयुष्य अनुदानाच्या मुदतीशी बांधलेले असते. नकाशा कोण करतो याची चर्चा होते, त्यापेक्षा तो पंचवीस वर्षांनी कोण सांभाळणार याची व्हायला हवी.

एका पुस्तकासाठी सध्या मी वाचाक्षेत्राची आकृती करते आहे. ब्रोडमानची कड न काढता युलिशचे विरळ होत जाणारे डाग वापरायला संपादिकाबाईंनी मान्यता दिली आहे, छपाईवाल्यांनी मात्र डाग ‘घाण’ दिसतात असे कळवले आहे. मी आकृतीखाली चार ओळींची टीप दिली होती: मेंदू किती जणांचे, डावी बाजू कोणती, गडद रंगाचा अर्थ काय आणि मूळ माहिती कुठे पाहायला मिळेल. एवढ्या टिपेला पानात जागा नाही, असे प्रकाशकांचे म्हणणे पडले. तेव्हा मी आकृतीची उंची दीड सेंटिमीटरने कमी करून टीप आहे तशी ठेवली आहे आणि फाइल परत पाठवली आहे.